देवगडात आंबे कापायला जाऊ की पुण्यात तयार डेटावर बसू? (उन्हाळी इंटर्नशिप)

तिफण

नमस्कार. मी यवतमाळचा, एम.एस्सी. फूड टेक्नॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. उन्हाळी इंटर्नशिपसाठी दोन ठिकाणी अर्ज टाकले होते आणि कधी नव्हे ते दोन्हीकडून होकार आलाय. आता पंचाईत.

पहिली जागा देवगड तालुक्यात. हापूसमधला साका (आतला गर खराब राहण्याचा दोष) न कापता ओळखता येईल का, यावर तिथे काम चाललंय. हातात धरायचा एनआयआर स्पेक्ट्रोमीटर आहे, म्हणजे फळावर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकून परत आलेला प्रकाश मोजणारं यंत्र. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत जायचं. तिथल्या सरांनी फोनवर स्पष्टच सांगितलं की काम म्हणजे आंबे गोळा करणं, मोजणं आणि कापणं, पेपरबिपर मनात धरून येऊ नका. स्टायपेंड जेमतेम राहण्याखाण्यापुरता.

दुसरी पुण्यात. विषय जवळपास तोच, पण डेटा आधीच जमवलेला. त्यावर मॉडेल बसवायचं. एसी लॅब, राहायला मित्राची खोली, पोस्टरवर नाव लागायची शक्यता.

वर्गातले सगळे पुणे म्हणतात. आई म्हणते मे महिन्यात कोकणात घामाने जीव जाईल, आणि मी मासेही खात नाही. मला स्वतःला कळत नाहीये की दीड महिना आंबे कापून मी शिकणार काय. साका म्हणजे पिकल्यावरही आतला गर पांढरट, पोकळसर आणि आंबट राहतो, एवढंच मला माहीत, तेही वाचून. आमच्याकडे हापूस येतो तो कुणी पेटी पाठवली तरच. असं काम कुणी केलं असेल तर सांगाल का? राहणं, खाणं, काम, सगळंच.

---

जोंधळा

मी बार्शीची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करताना याच विषयावर, याच पट्ट्यात एक उन्हाळा काढलाय. ठिकाणाचं नाव घेत नाही, कारण पुढे थोडी कुरकुरही येणार आहे. उत्तर लांब होईल, चहा घेऊन बस.

आधी तुझ्या पुण्याच्या डेटाबद्दल. त्या फाइलमध्ये अगदी उजवीकडे एक रकाना असेल: साका, ० किंवा १. तुझं मॉडेल कितीही भारी असलं तरी ते त्या रकान्याला देव मानूनच चालणार. आणि तो रकाना कुणीतरी सुरी हातात धरून भरलेला असतो. बहुधा एखाद्या इंटर्ननेच, मे महिन्यातल्या दुपारी, वीज गेलेली असताना. तो कसा भरतात हे डोळ्यांनी बघितल्यापासून कुणी "अचूकता इतके टक्के" म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारते, कापलं कोणी?

आता काम कसं चालतं ते. सकाळी उजाडता उजाडता बागेत. काढणी ऊन तापायच्या आत उरकायची असते, कारण काढलेलं फळ उन्हात पडून राहिलं तर साका वाढतो असं बागायतदारही म्हणतात आणि संशोधकही. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट आंबा उतरवायचा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो, मग ते फळ बाजारालाही गेलं आणि तुझ्या प्रयोगालाही गेलं. मी ज्या बागेत जायचे तिथे काढणीला नेपाळचा एक मुलगा होता, माझ्याच वयाचा. कोकणातल्या बागांची राखण आणि काढणी आता बऱ्याच ठिकाणी नेपाळी माणसांच्याच हाती आहे, हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. हंगामभर बागेतल्या मांगरात, म्हणजे खोपटात, कुटुंबासकट राहतात. त्याची नजर अशी की खालून मान वर करून एक फांदी बघायचा आणि तिच्यावरचे दोनच आंबे काढायचा, बाकीचे ठेवायचा. मी विचारलं, हे का आणि ते का नाही? तर मोडक्या हिंदीत म्हणाला, ये चौदा आना, वो बारह.

तिकडे पक्वता आण्यांत मोजतात. सोळा आणे म्हणजे झाडावर पूर्ण तयार, आणि बाजारासाठी काढायचा तो चौदा आण्यांना. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत यालाच साधारण ८५ टक्के पक्वता म्हटलेलं असतं. ओळखायचं कसं? देठाच्या बाजूला खांदे वर उचललेले दिसतात आणि देठापाशी खळगा पडतो, सालीचा गडद हिरवा रंग फिका होतो, सालीवरचे ठिपके मोकळे दिसायला लागतात. हे वाचून येत नाही. आमच्याकडे हुरड्याचं कणीस आजी नुसतं अंगठ्याने दाबून सांगते, तसंच हे. बागेचे मालक, सत्तरीचे काका, माझं यंत्र बघून पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "गो बाय, तुझा यंत्र काय सांगता ता रवांदे. हो बघ, हो बारा आणे, हो चवदा."

मला हे गमतीचं वाटलं होतं. मग लक्षात आलं की हाच सगळ्यात महत्त्वाचा रकाना आहे आणि तो आमच्या वहीत नव्हताच. वहीत होतं झाड क्रमांक, तारीख, वजन, लांबी. एकाच झाडावर मोहोर दोनतीन टप्प्यांत येतो, त्यामुळे एकाच तारखेला एकाच झाडावरून काढलेल्या फळांत बारा आणेही असतात, पंधराही. आणि पक्वता जितकी पुढे गेलेली तितका साका जास्त, हे तर जुनंच निरीक्षण आहे. म्हणजे यंत्र खरोखर साका ओळखतंय, की नुसतं जास्त पिकलेलं फळ ओळखून साका म्हणतंय? वहीत आणे नसतील तर हा प्रश्न सुटतच नाही. मी सरांना विचारून तो रकाना घातला. काकांनी सांगितलेले आणे वेगळे, त्या नेपाळी मुलाने सांगितलेले वेगळे, आणि दोघांनी एकमेकांचं ऐकायचं नाही. पाण्याची बादली होतीच. बुडणारा आंबा जास्त भरलेला, तरंगणारा कमी, हा जुना साधा उपाय. बादली आणि त्या मुलाचं बहुतेक वेळा जमायचं. काका एखादा आणा जास्तच सांगायचे, मालक ना शेवटी.

काढणीनंतर खोलीत. फळाला क्रमांक द्यायचा तर सालीवर मार्कर टिकत नाही, आंब्याला मेणकट थर असतो. देठाला चिकटपट्टीची चिठ्ठी बांधायची. मग वजन, मापं, दोन्ही गालांवर ठरलेल्या जागी स्कॅन. इथे एक गोष्ट डोक्यात ठेव: उन्हातून आलेल्या गरम आंब्याचा आणि तोच आंबा खोलीत निवल्यावरचा स्पेक्ट्रम सारखा येत नाही. आंबा म्हणजे बहुतांश पाणी, आणि ९७० नॅनोमीटरच्या आसपासचा पाण्याचा पट्टा तापमानाप्रमाणे सरकतो. आम्ही फळं निवू द्यायचो आणि प्रत्येक वेळी फळाचं तापमान लिहायचो. यंत्रालाही गरम व्हायला वेळ द्यावा लागतो, आणि पांढऱ्या टाइलवर तुलनेसाठी संदर्भाचा स्कॅन परत परत घ्यावा लागतो. टाइलवर आंब्याचा चिकट हात लागला की संपलं, म्हणून ती टाइल मी कुणाला हात लावू देत नव्हते. तिथला शिपाई त्या टाइलला "मॅडमचं सोनं" म्हणायचा.

मग आढी. पेंढ्यात फळं घालून ठेवायची, रोज वरखाली करून बघायची, पिकेल ते कापायचं. कापणं हा खरा भाग. कोयीच्या दोन्ही बाजूंनी गाल उतरवायचे आणि बघायचं. मोठा साका असेल तर शेंबडं पोरही सांगेल. गर पांढुरका, कुठे पोकळी, चव आंबट, पिष्टाची साखर झालेलीच नसते. अडचण होते ती कोयीला लागून नखाएवढा फिकट भाग दिसतो तेव्हा. हा साका, की नुसता कच्चेपणा, की संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली बघितल्यामुळे तसं वाटतंय? मी आणि तिथल्या प्रयोगशाळा सहायक ताई, दोघी एकमेकींना न दाखवता ० ते ३ असा दर्जा द्यायचो. ० आणि ३ वर कधी वाद नाही. भांडण सगळं १ वर. आता तुझ्या पुण्याच्या फाइलमध्ये फक्त ० आणि १ असेल, तर आमचा तो भांडणाचा १ कुणीतरी कुठल्यातरी बाजूला ढकललेला असणार. कुठल्या, ते विचार.

दुसरं. आढीत काही फळं कुजतात. देठाकडून कुजतात, करप्याचे काळे डाग येतात. ती फेकून दिली जातात आणि वहीत त्यांच्यापुढे रेघ मारतात. फाइल तयार होते तेव्हा त्या रेघा गाळल्या जातात. म्हणजे फाइलमध्ये फक्त नीट पिकलेली फळं. बाजारात असं नसतं.

आणि हे सगळं का करायचं, तर साक्याचं नेमकं कारण काय यावर अजून खल चालूच आहे. १९३० च्या दशकात मुंबई इलाख्यातून युरोपला आंबे पाठवून बघितले, त्यावरच्या १९३४ च्या चीमा आणि दाणी यांच्या अहवालात याची नोंद आहे. म्हणजे जवळपास शंभर वर्षं झाली. कुणी जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेकडे बोट दाखवतं. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या लोकांनी कोयीकडे दाखवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की फळ झाडावर असतानाच आतलं बी उगवायच्या तयारीला लागतं आणि त्याचा परिणाम भोवतीच्या गरावर होतो. मला स्वतःला हे दुसरं जास्त पटतं, कारण साका जवळपास नेहमी कोयीपासूनच सुरू झालेला बघितलाय, पण मी काही तज्ज्ञ नाही.

राहणं-खाणं पटकन सांगते. माशांची काळजी करू नकोस. काजूची उसळ, फणसाची भाजी, घावणे, सोलकढी, यावर तू आरामात जगशील, खानावळवालीला आधी सांगून ठेव म्हणजे झालं. आंबा मात्र आठवड्याभरात नकोसा होतो, हे आत्ता खोटं वाटेल. उष्मा आहे, पण तुमच्या यवतमाळसारखा पारा नसतो. घाम मात्र असा की कपडे वाळत नाहीत. वीज जाते, मे अखेरीला वारा सुटला की जास्तच. यंत्र आणि लॅपटॉप नेहमी चार्ज ठेव. हात: चिकाने कातडी भाजते. आंबा बिब्ब्याच्याच कुळातला, काजूही. खोबरेल लाव, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, हातमोजे स्वतःचे ने. माझ्या मनगटावर फोड आले होते.

कुरकूर अशी की स्टायपेंड घरी परतल्यावर कितीतरी दिवसांनी आला, आणि फळांचे पैसे बागायतदाराला कोण देणार हे कुणी ठरवलंच नव्हतं. काकांनी एक शब्दही काढला नाही, पण चांगल्या पेटीचे आंबे आम्ही रोज कापत होतो. तू जाशील तर हे आधी विचारून घे.

जा असं माझं मत. पुण्याचं काम तू पुढच्या हिवाळ्यात खोलीत बसूनही करशील. आढी मे महिन्यातच लागते.

---

माध्य_मध्यक

मी एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. जोंधळा यांचं उत्तर आवडलं, तरी पुण्याला इतकं खाली ढकलू नये. डेटा तयार असला तरी तो नीट हाताळणं हे हलकं काम नाही, आणि सगळ्यांनाच बागेत जाणं जमतं असंही नाही.

पण पुण्याला गेलास तर पहिल्याच आठवड्यात एक तपास कर. प्रत्येक आंब्याचे दोन गाल म्हणजे फाइलमध्ये दोन ओळी. ओळी सरसकट पिसून काही शिकवायला, काही तपासायला अशा वाटल्या, तर एकाच आंब्याचा डावा गाल शिकवणीत आणि उजवा परीक्षेत जातो. मॉडेल साका ओळखत नाही, तोच आंबा ओळखतं. निकाल झकास दिसतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या बागेत आपटतो. वाटणी फळानुसार करायची, जमलं तर झाडानुसार, आणि खरी परीक्षा म्हणजे एक अख्खी बाग बाजूला ठेवून. शंभरात दहाच आंबे साक्याचे असतील तर "कुठेच साका नाही" असं म्हणणारं मठ्ठ मॉडेलही नव्वद टक्के बरोबर ठरतं, हेही लक्षात असू दे. साक्याचे किती पकडले आणि चांगल्यांवर किती खोटा आळ घेतला, हे दोन आकडे वेगवेगळे माग.

ते आण्यांचं प्रकरण मात्र मला नवीन होतं. दोन माणसांकडून स्वतंत्र नोंद घेतली हे फार चांगलं केलंत. त्या दोन नोंदी किती जुळतात याचं मोजमाप केलंत का? ते छापलं गेलं असतं तर मी वर्गात वापरलं असतं.

---

कातळमाळ

माझी कलमं आहेत देवगड तालुक्यात, वडलांच्या हातची. दुसऱ्या बाजूनेही बोलायला कोणीतरी हवं म्हणून लिहितो.

तुम्ही संशोधक मंडळी येता ती मे महिन्यात, साका बघायला. या, नको म्हणत नाही. पण आमचं वर्ष ठरतं नोव्हेंबर-डिसेंबरात, थंडी पडते की नाही आणि मोहोर कधी फुटतो त्यावर. मग तुडतुडे, मग थ्रिप्स, मग मध्येच ढग आले की फवारणी. एवढं करून फळ हाती लागतं, आणि वाशीला पेटी गेल्यावर गिऱ्हाईक घरी कापतं तेव्हा आत पांढरं निघतं. बाहेरून काही कळत नाही, म्हणून शिव्या आम्हालाच. व्यापारी पुढच्या पेटीचा दर पाडतो. त्यामुळे यंत्र निघालं तर पहिला विकत घेणारा मी. फक्त ते दिवसाला हजारो फळं बघणारं हवं, एकेका आंब्याला टाइल पुसत बसलं तर आमचा हंगाम संपेल.

जमिनीच्या उष्णतेबद्दल. आमच्या कलमांना माती नसते, कातळ असतो. वडलांनी सुरुंग लावून खड्डे मारले, बाहेरून माती आणून भरली आणि कलमं लावली. मे महिन्यात त्या कातळावर अनवाणी चार पावलं चालून दाखवा. मी झाडाखाली गवताचं आच्छादन घालायला लागल्यापासून साका कमी वाटतो. हे माझं वाटणं, वही ठेवलेली नाही. जोंधळाताईंना कोयीचं पटतं, मला कातळाचं पटतं. दोन्ही खरं असू शकतं ना? तापलेल्या कातळावरचं बी आधी जागं होत असेल.

कुणी तरी येऊन सांगेलच, रत्ना लावा, त्यात साका नाही. वेंगुर्ल्याच्या केंद्राने १९८१ साली काढलेली जात, नीलम आणि हापूसचा संकर. चार झाडं आहेत माझ्याकडे. फळ मोठं, देखणं, साका खरंच नाही. पण पेटीवर हापूस लिहिलेलं नसेल तर गिऱ्हाईक दर विचारून पुढे जातं. आता २०१८ पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे नावाला आणखी वजन. मग मी पंधरा वर्षांचं कलम तोडून रत्ना लावू?

तिफण, येणार असशील तर ये. पण बागायतदाराला फळांचे पैसे देऊन ये, बाजारभावाने. जोंधळाताईंनी लिहिलं ते खरं आहे, आम्ही तोंडाने मागत नाही. आणि कापलेल्या चांगल्या गरांचं काय करता ते ठरव. आमच्याकडे मागे एक मुलगी आली होती तिने ब्रिक्स (रसातली गोडी) मोजून उरलेला रस शेजारच्या बायकांना द्यायचं ठरवलं. त्यांनी ताटांवर साठं (आंब्याच्या पोळ्या) घातली, उन्हात वाळवली. एक थेंब फुकट गेला नाही. कापलेले आंबे खड्ड्यात पुरताना बघवत नाहीत हो.

---

जोंधळा

कातळमाळ दादा, हजारो फळांचं म्हणणं अगदी खरं आहे. हातातलं यंत्र हे पॅकहाउसमधल्या पट्ट्यावर बसवायच्या आधीची पायरी आहे, एवढंच. पट्ट्यावर फळ फिरतं, तापमान बदलतं, आणि तिथे सगळं पुन्हा पहिल्यापासून. पिकलेल्या फळातला साका एक्स-रेमध्ये दिसतो, ते काम झालेलं आहे. पण तुम्हाला हवंय ते पेटी भरायच्या आधी, फळ हिरवं असताना. ते अवघड आहे, आणि माझ्या उन्हाळ्यात तरी आम्हाला ते जमलं नाही. जास्त पक्व फळं वेगळी काढता आली. त्या वेगळ्या काढलेल्यांतही चांगली फळं पुष्कळ निघायची, म्हणजे तुमचे पैसे पुन्हा बुडालेच.

साठं आम्हीही घातली होती. सहायक ताईंच्या सासूबाईंनी. मी बार्शीला नेली तर घरच्यांना वाटलं गूळपापडी आणलीय.

माध्य_मध्यक सर, दोघांच्या नोंदी किती जुळतात ते काढलं होतं, माझ्या प्रबंधाच्या परिशिष्टात आहे. छापलं मात्र गेलं नाही, मार्गदर्शकांना तो भाग "लोकज्ञान" वाटला. माझ्या मते अख्ख्या प्रबंधात तेवढाच वाचण्यासारखा होता.

---

तिफण

सगळ्यांचे आभार. खरं सांगायचं तर पुण्याचं जवळपास नक्की करूनच इथे लिहिलं होतं, नुसती खात्री करून घ्यायला. आता पुण्याच्या मॅडमना एक ईमेल टाकली: साक्याचा रकाना कुणी भरला, दर्जे किती होते, कुजलेली फळं कुठे गेली आणि वाटणी फळानुसार आहे का. उत्तर आलं की "डेटा बाहेरून मिळालेला आहे, तपशील उपलब्ध नाही." त्या चांगल्या बोलल्या, रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, असे प्रश्न विचारणारा हवाच आहे, ये.

देवगडच्या सरांनाही विचारलं. आण्यांचा रकाना त्यांच्याकडेही नाही. घालू देतील का विचारलं तर हसले आणि म्हणाले, घाला की, पण आणे सांगणारा माणूस तुम्हीच शोधा. फळांचे पैसे प्रकल्पातून देतात म्हणाले, पावती दाखवतो म्हणाले.

ताई, दोन गोष्टी अजून. पेपरमध्ये नाव वगैरे बोलायचं असेल तर कधी बोलावं? आणि वही कोणाची?

---

जोंधळा

नावाचं पहिल्याच आठवड्यात, आणि ईमेलवर. "या डेटावर पुढे काही छापलं तर माझा सहभाग कसा दाखवला जाईल?" एवढंच विचार, भांडणाच्या सुरात नको. शेवटच्या दिवशी विचारलंस तर सगळे ट्रेनच्या वेळा विचारतात. वही त्यांची. पण प्रत्येक पान रोज रात्री फोनवर टिपून ठेव, आणि प्रबंधात वापरायची परवानगी त्याच ईमेलमध्ये माग. चिकाने पानं चिकटतात, म्हणून शाईचा पेन नको, शिसपेन्सिल ने.

आणे सांगायला मालकाला विचारू नकोस, काढणाऱ्याला विचार. त्याला त्या वेळाचे पैसेही दे, त्याचं काम थांबवतोस तू. आणि आपल्या नोंदीत त्याचं नाव लिही, नुसतं "कामगार १" नाही.

---

कातळमाळ

मालकाला विचारू नकोस म्हणजे काय हो ताई! एक आणा जास्त सांगतो ते खरं आहे म्हणा.

तिफण, यायचं असेल तर आत्ताच तिकिटाचं बघ. मे महिन्यात चाकरमानी गावाला येतात, कोकण रेल्वेत उभं राहायला जागा मिळत नाही. तुला ती वाट धरायचीच गरज नाही. बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने सरळ कोल्हापूर, तिथून एसटीने फोंडा घाट उतरून देवगड. एसटीत डाव्या-उजव्या वळणांचा त्रास होत असेल तर पुढच्या बाजूला बस. खोली बघताना विहिरीला मे अखेरपर्यंत पाणी असतं का ते विचार, पंखा आहे का ते नंतर. आणि मिरगाच्या आधी निघ, पाऊस लागल्यावर इथे आंबा कुणी कापत नाही, सगळे कौलं आणि लाकडं झाकण्यात असतात.